माडावरचे शिक्षण : कोकण व गोव्यातील माड चढण्याच्या व्यवसायाच्या प्रशिक्षण-परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास लिहिताना १८५४ चा वूडचा खलिता, १८५७ मधील मुंबई विद्यापीठाची स्थापना आणि १८८२ चा हंटर आयोग हे टप्पे आधारभूत मानले जातात. ते योग्यच आहे. तथापि, हा इतिहास प्रामुख्याने शाळेच्या चार भिंतींत घडलेल्या शिक्षणाचा आहे. ज्या शिक्षणाला भिंती नव्हत्या, पाठ्यपुस्तक नव्हते आणि ज्यात नापास होणे म्हणजे साठ-सत्तर फुटांवरून खाली कोसळणे होते, अशा शिक्षणाची नोंद आपल्या इतिहासलेखनात क्वचितच झालेली आहे. कोकण किनाऱ्यावरील भंडारी आणि गोव्यातील रेंदेर व पाडेली यांनी पिढ्यान् पिढ्या दिलेले माड चढण्याचे शिक्षण या प्रकारात मोडते.

माडाला फांद्या नसतात. त्याचे सर्व उत्पन्न, म्हणजे नारळ, शहाळी, झावळ्या आणि पोयीतून पाझरणारा रस, खोडाच्या शेंड्यावरच असते. त्यामुळे वर चढणारा माणूस नसेल तर बाग असूनही नसल्यासारखी होते. पडलेले नारळ गोळा करता येतात, पण शहाळे किंवा रस जमिनीवरून मिळत नाही. किनारपट्टीच्या अर्थव्यवस्थेत या एका कौशल्याला इतके मध्यवर्ती स्थान असूनही ते कसे शिकवले जात होते, कोणत्या कारणांनी ते शिक्षण खंडित झाले आणि अलीकडच्या काळात शासनाने ते पुन्हा कोणत्या स्वरूपात उभे करण्याचा प्रयत्न केला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व साधने

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) माड चढण्याच्या पारंपरिक प्रशिक्षणाचे टप्पे व आशय स्पष्ट करणे. २) १८७८ चा अबकारी कायदा आणि १९४९ चा दारूबंदी कायदा यांचा या प्रशिक्षणावर झालेला परिणाम तपासणे. ३) २०११ नंतरच्या औपचारिक प्रशिक्षणाची पारंपरिक शिक्षणाशी तुलना करणे.

यासाठी मुंबई इलाख्याचे गॅझेटियर, अबकारी व दारूबंदीविषयक कायदे आणि नारळ विकास मंडळाच्या योजना यांचा आधार घेतला आहे. त्याखेरीज प्रस्तुत लेखकाचे बालपण दक्षिण कोकणातील माडांच्या गावात गेले असल्यामुळे तेथील निरीक्षणे व वयोवृद्ध व्यक्तींशी झालेली बोलणी पूरक साधन म्हणून वापरली आहेत. जेथे लिखित पुरावा नाही व केवळ अनुमान आहे, तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

व्यवसायाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

माडापासून मिळणाऱ्या रसाला माडी, ताडाच्या रसाला ताडी आणि शिंदीच्या रसाला शिंदी म्हणतात. प्रशासनाने मात्र या तिन्हींना सरसकट ताडी म्हटले. गोव्यात माडाच्या रसाला सूर हा शब्द आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या संवादरूप ग्रंथात नारळावर स्वतंत्र प्रकरण असून त्यात सूर व त्यापासून केलेल्या मद्याची माहिती आहे. म्हणजे सोळाव्या शतकात हा व्यवसाय परकीयांच्या नजरेत भरण्याइतका प्रस्थापित झालेला होता.

उत्तर व दक्षिण कोकणात हा व्यवसाय प्रामुख्याने भंडारी समाजाकडे होता. गोव्यात हिंदू भंडारी आणि ख्रिस्ती रेंदेर असे दोन्ही धर्मांचे लोक तो करीत. गोव्याच्या व्यवहारात आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. रस काढणारा तो रेंदेर आणि नारळ पाडणारा तो पाडेली. दोघेही माडावर चढतात, परंतु दोघांचे काम, हत्यार आणि शिक्षणाचा कालावधी निरनिराळा आहे. हा भेद पुढील विवेचनात लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

भंडारी समाजाची ओळख केवळ माडापुरती नव्हती. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या काळात मुंबईच्या रक्षणासाठी भंडाऱ्यांचे पथक उभे करण्यात आले होते, आणि समारंभांत गव्हर्नरापुढे भोंगळी हे लांब कर्ण्यासारखे वाद्य वाजवत चालण्याचा त्यांचा मान होता. उंचीची भीती नसलेला, हाताला धार आणि पायाला पकड असलेला माणूस सैन्यातही उपयोगी पडे. मात्र ज्या शिक्षणातून हे शरीर घडत होते, त्याकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले नाही.

पारंपरिक प्रशिक्षणाचे स्वरूप

हे शिक्षण काम करता करता होत असे. शिकणे आणि कमावणे यांत सीमारेषा नव्हती. मुलगा साधारणपणे वडिलांच्या, चुलत्याच्या किंवा मामाच्या हाताखाली शिके. उपलब्ध वर्णने व प्रत्यक्ष निरीक्षण यांवरून या शिक्षणाचे पाच टप्पे सांगता येतात.

पहिला टप्पा जमिनीवरचा. मुलगा खाली पडलेले नारळ गोळा करी, मोजणी करी, झावळ्या ओढून कडेला लावी, मडकी धुई, कोयत्याला धार लावी. हे काम वरकरणी हलके वाटते. परंतु खाली उभे राहणाऱ्याला सतत वर पाहावे लागते. वरचा माणूस कोठे हात घालतो, वजन कोणत्या पायावर घेतो, नारळ कोणत्या बाजूला सोडतो, हे सारे तो दिवसेंदिवस पाहत असे. कोसळत्या नारळापासून स्वतःला वाचवणे हा त्याचा पहिला धडा असे.

दुसरा टप्पा खोडाचा. माडाच्या खोडावर गळून गेलेल्या झावळ्यांचे वळ असतात. नियमित चढाव्या लागणाऱ्या माडांना पाय ठेवण्यासाठी खाचा पाडलेल्या असतात. माडाचे खोड इतर वृक्षांप्रमाणे जाड होत नाही व त्यावरील जखम भरून येत नाही. एकदा पाडलेली खाच माड जिवंत असेपर्यंत तशीच राहते. म्हणून खाच कोठे व किती खोल पाडावी, हा नवशिक्याचा विषय नव्हे. तो आधीच्या पिढीने पाडलेल्या खाचांवरून चढे. आजोबांच्या पावलाच्या मापाने पाडलेल्या खाचांवर नातवाने पाय ठेवावा, असा हा अक्षरशः वारसा होता. जेथे खाचा नसत तेथे पायांत दोरीचा फास अडकवून, दोन्ही पायांनी खोड आवळीत वर सरकावे लागे. सुरुवातीला आखूड किंवा किंचित कललेला माड निवडला जाई आणि अर्ध्यावरून परत उतरण्यास सांगितले जाई. आमच्या गावातील एका वयोवृद्ध गृहस्थांनी याचे कारण मालवणीत फार नेमके सांगितले : ‘झिला, चढूक कोणय शिकात. उतरूक शिकाक वर्सा जातत.’

तिसरा टप्पा शेंड्याचा, आणि खरा अभ्यासक्रम येथून सुरू होतो. पूर्ण वाढलेला माड वीस-पंचवीस मीटरपर्यंत उंच जातो. तेथे पोहोचल्यावर आधार कशाचा घ्यावा, हे कळणे म्हणजे जगणे. वाळत चाललेली झावळी हाताला घट्ट लागते, पण वजन येताच देठापासून सुटते. नारळाच्या घडाला धरू नये. हिरव्या झावळीचा बुंधा धरावा, तोही आधी हलवून पाहून. शेंड्यात मुंग्या असतात, गांधिलमाशीचे पोळे असते, कधी सापही असतो. अशा वेळी हात न सोडण्याची सवय अंगी बाणावी लागते.

चौथा टप्पा निवडीचा. माडाला साधारणपणे महिन्याला एक झावळी येते व तिच्या बगलेत एक पोय. त्यामुळे एकाच शेंड्यावर कोवळ्या पोयीपासून पक्व नारळापर्यंत वेगवेगळ्या वयाचे घड एकाच वेळी असतात. फुलोऱ्यापासून नारळ पिकण्यास सुमारे एक वर्ष लागते. कोणता घड आज उतरवायचा, कोणता पुढच्या फेरीला ठेवायचा, शहाळे कोणते आणि खोबऱ्याचा नारळ कोणता, हे रंगावरून, बोटाने वाजवून आणि घडाच्या क्रमावरून ओळखावे लागते. त्याचबरोबर शेंडा साफ करणे, गेंड्या भुंग्याने पाडलेली भोके पाहणे, आकडीने भुंगा ओढून काढणे, सोंड्या भुंग्याची किंवा कोंब कुजण्याची पहिली लक्षणे हेरणे ही कामेही चढणाऱ्याचीच. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की माड गेला. बागेचा मालक झाड खालून पाहतो. त्याला रोग कळतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. या अर्थाने चढणारा हा माडाचा वैद्यच होय.

पाचवा टप्पा फक्त रस काढणाऱ्यांसाठी. न उमललेली पोय दोरीने आवळून बांधावी लागते. मग ती काही दिवस हलक्या हाताने ठोकावी लागते. ठोका जोरात बसला तर आतला फुलोरा चिरडतो, हलका बसला तर रस सुटत नाही. त्यानंतर टोक छाटून रोज पातळ काप घ्यायचा. काप जाड घेतला तर पोय लवकर संपते, पातळ घेतला तर तोंड बुजते. सकाळ-संध्याकाळ रस उतरवायचा आणि मधल्या वेळी काप ताजा करायचा. एकेका रेंदेराला दिवसातून अनेक माड दोन-तीनदा चढावे लागत. मनगटातील हा अंदाज शब्दांत सांगता येत नाही. शेजारच्या झावळीवर बसून पाहावा लागतो आणि काही पोयी बिघडवूनच हाती येतो.

जीन लेव्ह व एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये कामातून होणाऱ्या शिक्षणाचा सिद्धान्त मांडताना असे दाखवून दिले, की नवशिका कामाच्या काठावरून सुरुवात करतो व खऱ्या कामात सहभागी होत होत केंद्राकडे सरकतो. वरील पाच टप्पे या मांडणीशी जुळतात. तथापि, माडाच्या बाबतीत एक गोष्ट अधिक स्पष्ट होते. चढणे हा या शिक्षणाचा दृश्य भाग असला तरी त्याचा गाभा झाड ओळखणे हा होता. चढणे हे केवळ त्या वर्गात पोहोचण्याचे साधन होय.

या परंपरेचे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही. हे शिक्षण जातीच्या कुंपणात होते. स्त्रियांना माडावर चढण्यास प्रथेने मज्जाव होता. मुलाला निवड नव्हती. आणि ज्याच्या खांद्यावर ही अर्थव्यवस्था उभी होती त्याच्याकडे माडांची मालकी बहुधा नसे. गोव्यात तो भाटकाराच्या माडांवर चढे, कोकणात खोताच्या किंवा बागायतदाराच्या.

१८७८ चा अबकारी कायदा : झाडाची नोंद, माणसाची नव्हे

मुंबई इलाख्यात १८७८ चा पाचवा कायदा, म्हणजे मुंबई अबकारी कायदा, लागू झाल्यावर ताडी-माडी काढणे परवान्याच्या कक्षेत आले. रस काढावयाच्या झाडांवर कर बसला. घरगुती व लहान भट्ट्यांऐवजी मध्यवर्ती भट्ट्यांकडे दारूचे उत्पादन वळवण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. महसूल वाढवणे हा यामागील उघड हेतू होता. भंडारी समाजाच्या उत्पन्नावर याचा परिणाम झाला, हे या विषयावरील इतिहासलेखनात नोंदवले गेले आहे.

मात्र या कायद्याचा शिक्षणावर झालेला परिणाम दुर्लक्षित राहिला. येथे पुढील अनुमान मांडता येईल. करमुक्त झाडावर मुलाने काप चुकवला तर एका पोयीचे नुकसान होई. कर भरलेल्या झाडावर तीच चूक रोकड तोट्यात मोजली जाऊ लागली. परवान्याची मुदत ठरलेली, झाडांची संख्या ठरलेली. अशा स्थितीत शिकाऊ मुलाच्या हाती पोय देणे कुटुंबाला परवडणारे नव्हते. शिकण्यासाठी चुकण्याची जी मुभा लागते, ती कराने महाग केली. कायद्यात शिकाऊ मुलाचा उल्लेखही नसताना त्याच्या शिकण्याची किंमत मात्र वाढली.

रत्नागिरी (१८८०), ठाणे (१८८२) आणि कुलाबा (१८८३) या जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत माड-ताड, त्यांवरील कर, रस काढण्याची रीत व भंडारी समाज यांची माहिती आहे. तीत महसुली प्रशासनाची दृष्टी ठळक आहे. रसाचे उत्पन्न मोजले गेले, तो काढणारा हात कसा तयार होतो याकडे लक्ष अगदी थोडे. योगायोगाने ठाणे गॅझेटियर निघाले त्याच १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून शूद्रातिशूद्रांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. एका बाजूला कष्टकरी मुलाला शाळेत आणण्याची मागणी आणि दुसऱ्या बाजूला त्याच मुलाच्या कामातील ज्ञानाविषयी प्रशासनाचे मौन, अशी ही स्थिती होती. फुले यांची मागणी सर्वथा न्याय्य होती. परंतु शाळेने पुढील शतकात कामाच्या ज्ञानाला आपल्यात जागा दिली नाही, हेही तितकेच खरे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भंडारी समाजात शिक्षणाची व सुधारणेची चळवळ जोर धरू लागली. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडणारे सीताराम केशव बोले आणि रत्नागिरीत १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभारणारे भागोजीशेठ कीर हे याच समाजातील होत. मुंबईच्या गिरण्या, गोदी व नोकऱ्या यांनी कोकणातील तरुणांना याआधीच ओढून घेतले होते. माडावर चढणे हे मागासलेपणाचे चिन्ह वाटू लागणे या प्रवासात स्वाभाविक होते. ज्याने आयुष्यभर जीव मुठीत धरून माड चढला, त्याने आपल्या मुलाने चढू नये असे म्हटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

दारूबंदी : काम थांबले, शाळा थांबली

बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ती फार काळ टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ हा १६ जून १९४९ पासून अमलात आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी जाहीर झाली. परवान्याशिवाय ताडी काढणे हा गुन्हा ठरला. दारूबंदीमागील सामाजिक हेतूविषयी येथे वाद घालण्याचे कारण नाही. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांची, विशेषतः स्त्रियांची वेदना त्यामागे होती. प्रश्न आहे तो तिच्या अनपेक्षित परिणामाचा.

या बंदीत एक वाट मोकळी ठेवण्याचा प्रयत्न झाला. ती म्हणजे नीरा. पहाटे उतरवलेला, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. मडक्याला आतून चुना लावला की आंबण्याची क्रिया लांबते. गांधीजींनी नीरा व ताडगूळ यांचा पुरस्कार केला होता. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली ग्रामोद्योगांचे प्रयोग केले, आणि गजानन नाईक यांनी ताडगुळाच्या कामाला वाहून घेतले. पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने हे काम चालू ठेवले. रस काढणाऱ्याच्या कौशल्याला दारूपासून वेगळे करून प्रतिष्ठा देण्याचा, माझ्या मते, हा पहिला गंभीर प्रयत्न होय. परंतु नीरा उन्ह चढण्यापूर्वी विकावी लागते, ती शीत ठेवावी लागते, आणि ताडगुळाला साखरेशी स्पर्धा करावी लागते. त्यामुळे ही वाट अरुंदच राहिली.

१९६० च्या दशकात महाराष्ट्रात दारूबंदीचे धोरण टप्प्याटप्प्याने सैल होऊ लागले. प्रशासनाच्या दृष्टीने हा दीड दशकाचा काळ. शिक्षणाच्या दृष्टीने तो एका पूर्ण पिढीचा. १९५० मध्ये जो मुलगा दहा-बारा वर्षांचा होता, त्याचे शेंड्यावर बसून पाहण्याचे वय कायद्याने बंद केलेल्या काळात संपले. धोरण सैल झाले तेव्हा तो पंचविशी ओलांडून दुसऱ्या कामात स्थिरावला होता. पुस्तकातील विद्या काही वर्षे बंद राहिली तरी पुस्तक उघडून पुन्हा सुरू करता येते. कामातून शिकवली जाणारी विद्या काम थांबले की त्याच दिवशी थांबते. शिकवण्यावर बंदी घालण्याची कायद्याला गरजच पडत नाही. नारळ पाडण्यावर बंदी नव्हती, म्हणून ते शिक्षण तगले. रस काढण्याचे शिक्षण मात्र अनेक गावांत तुटले.

या विधानाची पडताळणी गोव्याच्या उदाहरणावरून करता येते. गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली असल्यामुळे तेथे मुंबई राज्यातील दारूबंदी लागू नव्हती. त्यानंतरही १९६४ च्या अबकारी कायद्याने परवाना व कर या मार्गाने रेंदेरांचे काम चालू राहिले. सुरेपासून फेणी, व्हिनेगर व गूळ होई. सान्नां फुगवण्यासाठी आणि पोदेराच्या पावासाठीही सूर लागे. म्हणजे बंदी नव्हती आणि मागणीही होती. तरीही गोव्यात रेंदेरांची संख्या घटत गेली व पावासाठी यीस्ट रूढ झाले. यावरून असे दिसते, की दारूबंदी हे एकमेव कारण नव्हते. शालेय शिक्षण, आखाती देशांतील व शहरांतील नोकऱ्या, जमिनीच्या वाढत्या किमती आणि कामातील धोका ही कारणे दोन्हीकडे समान होती. कोकणात बंदीने ही प्रक्रिया एका पिढीने आधी घडवून आणली, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

पडणाऱ्याचा प्रश्न

या व्यवसायाच्या इतिहासात अपघात हा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला घटक आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात ताड-माडांचा रस काढण्याच्या कामाचा समावेश करण्यात आला होता, ही बाब उल्लेखनीय आहे. परंतु हा कायदा मालक आणि नोकर या नात्यावर उभा होता. दारोदार जाऊन माडामागे मजुरी घेणाऱ्याचा मालक कोण? सकाळी पाच घरचे माड चढणारा माणूस सहाव्या घरी पडला तर जबाबदारी कोणाची? याचे उत्तर कायद्यातून मिळणे कठीण होते. केरळने १९६९ मध्ये ताडी कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा केला. तेथे कामगार संघटित होते, हा त्यातील निर्णायक फरक.

येथे एक वैयक्तिक आठवण नोंदवणे अप्रस्तुत होणार नाही. प्रस्तुत लेखक शाळेत असताना आमच्या घरचे माड उतरवण्यास येणारे गृहस्थ, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, शेजारच्या वाडीत पावसाळ्याच्या तोंडावर पडले. खोडावर शेवाळ धरले होते. ते वाचले, पण पुन्हा चढले नाहीत. ज्यांचा माड होता त्यांनी काही पैसे दिले, वाडीने वर्गणी काढली, आणि प्रकरण तेथेच संपले. कोणत्याही कार्यालयात या घटनेचा कागद तयार झाला नाही. त्यांचा मुलगा त्या वर्षी मुंबईला गेला. आमच्या परसातील सात माडांच्या खाचा अजून तशाच आहेत. त्यांवर पाय ठेवणारे त्या घरातील कोणी उरले नाही. एका घराण्याचे शिक्षण असे एका दुपारी संपते आणि इतिहासकाराला त्यासाठी एकही दस्तऐवज सापडत नाही.

२०११ नंतर : प्रमाणपत्राचे शिक्षण

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नारळ पाडणाऱ्यांची टंचाई केरळात तीव्र झाली. १९८१ मध्ये कोची येथे स्थापन झालेल्या नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘नारळ वृक्ष मित्र’ अशा अर्थाच्या नावाने प्रशिक्षण योजना सुरू केली. तरुणांना सहा दिवसांचे निवासी प्रशिक्षण, चढण्याचे यंत्र आणि अपघात विम्याचे संरक्षण असे तिचे स्वरूप होते. पुढे गोवा व कोकणातही या प्रकारची प्रशिक्षणे झाली. यात वापरले जाणारे यंत्र कन्नूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील जोसेफ या शेतकऱ्याच्या कल्पकतेतून आलेले आहे. खोडाभोवती पोलादी तारेचे दोन फास आणि प्रत्येकाला जोडलेला एक पायटा. एका पायावर भार देऊन दुसरा फास वर सरकवायचा, अशी त्याची साधी रचना आहे.

या योजनेचे ऐतिहासिक महत्त्व तीन बाबतींत आहे. पहिली, माड चढणे हे प्रथमच जातीपासून वेगळे होऊन प्रमाणपत्राचे कौशल्य बनले. दुसरी, केरळात स्त्रियांनीही हे प्रशिक्षण घेतले आणि प्रथेने बंद केलेला शेंडा त्यांना खुला झाला. तिसरी, पडणाऱ्याचा विचार शिक्षणाचा भाग झाला, कारण विमा प्रशिक्षणाशी जोडला गेला. काकांच्या पिढीला यातील काहीच मिळाले नव्हते. म्हणून जुन्या शिक्षणाच्या हळवेपणात या योजनेला नाक मुरडणे हे अन्यायाचे ठरेल.

तथापि, तुलना केली असता काही मर्यादाही दिसतात. यंत्र माणसाला शेंड्याच्या खाली आणून सोडते. शेंड्यात शिरून काम करणे हा पुढचा भाग त्याच्या आवाक्याबाहेर राहतो. प्रत्येक माडाला यंत्र नव्याने बसवावे लागते. त्यामुळे दिवसातून अनेक माड दोन-तीनदा चढणाऱ्या रस काढणाऱ्याला ते सोयीचे नाही. सहा दिवसांत खोड चढता येते, परंतु वर्षभराचा ऋतुक्रम पाहता येत नाही. शेवाळ धरलेले खोड, उन्हाळ्यात सुटणारी झावळी, भुंग्याचे पहिले भोक यांचा धडा त्या त्या महिन्यातच मिळतो. पूर्वीच्या पाच टप्प्यांपैकी दुसरा टप्पा यंत्राने सुलभ केला. कीड व्यवस्थापनासारखे विषय अभ्यासक्रमात घेता येतात, पण तिसऱ्या व चौथ्या टप्प्याला जाणत्याची सोबत लागते आणि ती सहा दिवसांनंतर संपते.

याच काळातील गोव्यातील एक घटना या संदर्भात बोलकी आहे. २०१६ मध्ये गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातील दुरुस्तीने माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले. त्यावर लोकांत तीव्र प्रतिक्रिया उमटली आणि २०१७ मध्ये माडाला संरक्षण परत देऊन राज्यवृक्षाचा दर्जा देण्यात आला. माडासाठी समाज उभा राहिला, ही आनंदाची गोष्ट आहे. माड चढणाऱ्यासाठी असे कधी घडल्याचे दिसत नाही. १८७८ प्रमाणेच येथेही नोंद झाली ती झाडाची.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) माड चढण्याचे पारंपरिक प्रशिक्षण हे अनियमित अनुकरण नसून जमिनीपासून पोयीपर्यंत निश्चित क्रम असलेले शिक्षण होते. त्याचा गाभा चढणे नव्हे, तर झाड ओळखणे हा होता.

२) अबकारी कायद्याने हे कौशल्य महसुलाचे साधन मानले, दारूबंदीने गुन्ह्याचे साधन मानले आणि २०११ नंतरच्या योजनांनी रोजगाराचे साधन मानले. पहिल्या दोन्ही वेळी शिकाऊ माणूस धोरणाच्या नजरेबाहेर राहिला, तरी परिणाम त्याच्यावरच सर्वाधिक झाला.

३) कामातून शिकवले जाणारे ज्ञान एका पिढीच्या खंडाने तुटू शकते. एखाद्या व्यवसायावर बंदी किंवा जाचक कर लादताना त्यासोबत एक शाळाही बंद होते, याची जाणीव धोरणकर्त्यांनी ठेवली पाहिजे.

४) औपचारिक प्रशिक्षणाने जात व लिंग यांची कुंपणे सैल केली व सुरक्षिततेचा विचार आणला. जुन्या परंपरेकडे हे नव्हते. जुन्या परंपरेकडील वर्षभराची सोबत नव्या प्रशिक्षणाकडे नाही. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणानंतर किमान एक वर्ष जाणत्या पाडेलीच्या किंवा रेंदेराच्या हाताखाली मानधनासह काम करण्याची तरतूद झाल्यास दोहोंचा मेळ बसू शकेल. यासाठी त्या जाणत्या व्यक्तीला मजूर न मानता शिक्षक मानावे लागेल.

५) किनारपट्टीवरील महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन हयात असलेल्या माड चढणाऱ्यांच्या मुलाखती, हत्यारांची नावे व कामाच्या पद्धती नोंदवून ठेवणे निकडीचे आहे. हे ज्ञान ज्यांच्या हातांत आहे त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे, आणि आपल्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे आजोबा तेच आहेत. हे काम विद्यार्थ्यांनी आपल्या घरापासून सुरू करण्याजोगे आहे.